खालचा व्हॉल्व्ह

दवाखान्याच्या मागच्या अंगणात, धुलाईघराला लागून, बॉयलरची खोली होती. तिथे बावीस वर्षं ड्यूटी करणाऱ्या माणसाला खऱ्या नावाने फक्त हजेरीपुस्तक ओळखत होतं. चादरी धुणाऱ्या बायका त्याला काटेदादा म्हणत, कारण बोलताना त्याची नजर समोरच्या माणसाकडे कमी आणि भिंतीवरच्या दाबाच्या काट्याकडे जास्त असायची. इस्त्रीच्या मशिनवरची मावशी विचारायची, "काटेदादा, घरी बायकोशी बोलतानाही भिंतीकडेच बघता का हो?" आणि सगळ्याजणी खोखो हसायच्या. तो हसायचा नाही, पण रागवायचाही नाही. मावशीने गमतीत म्हटलेलं फारसं खोटं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

बॉयलरचं काम म्हणजे बरंचसं बघत बसणं. पाण्याची वाफ होऊन निघून जाते, पण पाण्यातला मळ आतच राहतो. तो साचत गेला की बॉयलर आतून थर धरतो. म्हणून दर पाळीला एकदा बॉयलरच्या पोटाखालचा व्हॉल्व्ह उघडून थोडं गढूळ पाणी सोडून द्यायचं आणि वरून ताजं घ्यायचं. याला ते लोक ब्लो-डाऊन म्हणतात. त्यात नियम एकच, चाकावर हात आणि काचेवर डोळा. काच म्हणजे आत पाणी किती आहे ते दाखवणारी उभी नळी. ज्याने व्हॉल्व्ह उघडला त्याने तो बंद केल्याशिवाय जागचं हलायचं नाही, मग आभाळ का कोसळेना. पाणी काचेखाली गेलं आणि ज्योत पेटलेलीच राहिली तर बॉयलर फाटतो. हे सगळं त्याला उस्तादाने शिकवलं होतं. उस्तादाच्या गालावर वाफेने भाजल्याचा तळहाताएवढा डाग होता, त्यामुळे आपलं म्हणणं पटवून द्यायला त्याला फार बोलावं लागत नसे.

आता या माणसाच्या घरात डोकावायला हवं, नाहीतर पुढचं त्याचं वागणं निव्वळ मूर्खपणाचं वाटेल. तसं ते होतंही, पण निव्वळ नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी गाठ सापडली. ती सापडायच्या आधीची तीन वर्षं घरातल्या कुणालाच काही कळत नव्हतं. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी पुरायची. बॉयलरपाशी उभा राहूनही त्याला थंडी वाजायची. घरी आला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा तो जेवायची हाक येईपर्यंत. बायकोने विचारलं की "काही नाही." मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, चित्र काढून दाखवायला यायची, तर न बघताच "छान." बायकोने वर्षभर विचारलं, मग विचारायचं सोडलं. आपण याच्या मनातून उतरलो असं तिने धरलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती म्हणून गिळलं.

नाकावाटे ऑपरेशन झालं आणि गाठ निघाली. पण त्या जागची जी ग्रंथी शरीराला पुरुषाचं हार्मोन बनवायला सांगते ती काही पुन्हा बोलू लागली नाही. ते हार्मोन बाहेरून द्यायचं ठरलं, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी. तो ते घरीच मांडीत घ्यायला शिकला. चौथ्या महिन्यात एका सकाळी तो आंघोळ करताना शीळ वाजवू लागला. बायको हातातलं काम टाकून मोरीच्या बंद दाराबाहेर येऊन उभी राहिली आणि पदराने तोंड दाबून रडली. दार उघडल्यावर तो म्हणाला, "काय गं, काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." या वेळी ते उत्तर तिचं होतं.

म्हणजे त्या बारीक बाटलीत त्याच्या दृष्टीने काय होतं ते ध्यानात येईल. त्यात तो स्वतः होता.

अडीच वर्षांपूर्वी त्याचं डोकं जड राहू लागलं. चेहरा लालबुंद दिसायचा, आंघोळीनंतर अंगाला खाज सुटायची. तपासणीचा कागद समोर ठेवून दवाखान्यातल्याच हार्मोनच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचं रक्त दाट झालंय. शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी पन्नासच्या आत असाव्यात. तुमच्या पंचावन्न आहेत. याला हिमॅटोक्रिट म्हणतात. चोपन्न ही आमची लाल रेघ."

लाल रेघ त्याला चटकन समजली. त्याच्या भिंतीवरच्या काट्यालाही ती होती.

"इंजेक्शनमुळे?"

"त्यामुळेच. ते शरीराला पेशी बनवायला लावतं, आणि तुमच्याकडे जरा जास्तच बनतात. इतकं दाट रक्त वाटेत अडकलं तर झटका येतो. आज एक पिशवी रक्त काढून टाकू आणि डोस निम्मा करू. घोरता का? सिगारेट?"

"नाही," तो दोन्हींना म्हणाला. सिगारेट तो बॉयलरखोलीच्या मागे दिवसाला पाच ओढायचा, आणि घोरण्यापायी बायको वर्षभर मुलीच्या खोलीत झोपत होती. पण त्याचं लक्षच नव्हतं. त्याने एवढंच ऐकलं होतं, की निम्मा.

त्याच दिवशी तळघरातल्या रक्तपेढीत त्याची एक पिशवी काढली. डॉक्टरच्या सांगण्यावरून काढलेलं रक्त दुसऱ्या कुणाला देत नाहीत, म्हणून पेढीच्या बाईंनी त्याच्यादेखत ते पिवळ्या बादलीत टाकलं. त्याला वाईट वाटलं. पण संध्याकाळपर्यंत डोकं असं हलकं झालं, की महिनाभराचं ओझं कुणीतरी उचलून नेलं असं त्याला वाटलं. घरी जाताना त्याच्या मनाने हिशोब मांडला, आणि तो फक्त बॉयलरवाल्याच्याच मनाने मांडावा असा होता. दाट झालं तर खालून थोडं सोडायचं. ताजं आपोआप येतं. मग आग कशाला कमी करायची?

त्याने डोस कमी केला नाही. तो रक्तदान करू लागला.

रक्तपेढीच्या फॉर्मवर एक ओळ होती, 'सध्या कोणतं औषध चालू आहे का?' त्या ओळीपुढे तो 'नाही' लिहायचा. पिवळ्या बादलीतली ती पिशवी बाईंच्या लक्षात राहिली नव्हती. तीन महिन्यांनी एकदा दवाखान्याच्या पेढीत आणि मधल्या दीड महिन्याला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पेढीत. दोन पेढ्या, दोन कार्डं, दोन्हीकडे चहा आणि बिस्किटं. तपासणीची तारीख जवळ आली की तिच्या आठवडाभर आधी तो एक पिशवी देऊन यायचा. कागदावर एकोणपन्नास यायचे. डॉक्टरबाई खूश व्हायच्या. "बघा, कमी डोस मानवला की नाही?" तो मान डोलवायचा. रक्तपेढीतून डॉक्टरबाईंच्या खोलीपर्यंत जायला दोन मिनिटं लागत, पण एकीकडची गोष्ट दुसरीकडे कधी कुणी सांगितली नाही, आणि सांगणार तरी कोण?

दोन वर्षांनी रक्तपेढीने त्याचा सत्कार केला. एकही पाळी न चुकवणारा दाता म्हणून नाव पुकारलं, लाकडी फळीवर बसवलेली पितळी पट्टी दिली. बायकोने ती दिवाणखान्यात दारासमोर लावली, म्हणजे येणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडावी. "आमच्या ह्यांना बोलता येत नाही, पण देता येतं," असं ती पाहुण्यांना सांगायची. ते ऐकून तो उठून पाणी प्यायला आत जायचा. लोकांना वाटायचं, किती लाजाळू माणूस.

त्या सुमारास त्याला बर्फ खावासा वाटू लागला. साधासुधा नव्हे, ध्यास लागल्यासारखा. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून डबाभर बर्फ आणायचा आणि बॉयलरसमोर बसून कडाकडा चावायचा. मावशी म्हणाली, "काटेदादा, दातांचाही बॉयलर केलात का?" पण मावशीच्याच लक्षात आलं, की हा माणूस अंगणातल्या चार पायऱ्या चढूनही दम खातो. पाय दुखायचे, दुपारी डोळे मिटायचे. एके दिवशी घरी आल्यावर तो नकळत खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, आणि चटका बसल्यासारखा उठला. ती खुर्ची ओळखीची होती. तो थकवाही ओळखीचा वाटला.

त्याला वाटलं, हार्मोन कमी पडतंय. तीन आठवड्यांचं इंजेक्शन तो दोन आठवड्यांनी घेऊ लागला. कुणाला सांगितलं नाही. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण ती बोलून दाखवायची तर आधी सगळंच सांगावं लागलं असतं.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले होते. शेजारी चादरींना वाफेवर इस्त्री करणारा मोठा रोलर फिरत होता. त्याने खालचा व्हॉल्व्ह उघडला. पाइपातून नेहमीचा दणका आला, काचेतलं पाणी हळूहळू उतरू लागलं. अर्ध्यावर आलं तसं बंद करायला त्याने चाक फिरवलं. म्हणजे फिरवायला गेला. उजवा हात चाकावर होता, दिसत होता, पण त्याचा नव्हता. बोटं चाकावरून घसरली आणि हात मांडीशी लोंबत राहिला.

पाणी उतरत होतं.

त्याने मावशीला हाक मारली. तोंडातून जे बाहेर आलं त्याला शब्द म्हणता आला नसता. उजवा पाय वाकला, तो गुडघ्यावर आला. बावीस वर्षांत त्याने काचेचा तळ कधी कोरडा पाहिला नव्हता. भिंतीपलीकडे सात बाया होत्या. त्याला बायको आठवली नाही, मुलगी आठवली नाही, उस्तादाचा गाल आठवला. त्याने डावा हात चाकात घातला, खांदा त्याला टेकवला आणि सगळं अंग चाकावर टाकलं. चाक हललं, अडलं, पुन्हा हललं. पाणी काचेच्या तळाला लागलं तेव्हा बॉयलरच्या स्वतःच्या यंत्रणेने ज्योत विझवली, आणि त्याच वेळी चाक बसलं. खोली इतकी शांत झाली, की पलीकडचा रोलर थांबल्याचंही ऐकू आलं.

"अहो काटेदादा, वाफ कुठे गेली?" म्हणत मावशी आत आली आणि दारातच थबकली.

तो जमिनीवर बसला होता. दोन-चार मिनिटांत हाताला मुंग्या येऊन तो हलू लागला, जीभही वळली. पहिलं वाक्य त्याने काय बोलावं?

"काही नाही. जरा चक्कर आली."

"चक्कर?" मावशी म्हणाली. "तुमचं तोंड वाकडं झालं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. गप बसा आता, एक शब्द बोललात तर बघा."

स्ट्रेचर आणायला कुणाला पाठवत बसली नाही ती. धुतलेल्या चादरींची चाकांची मोठी गाडी तिने ओढून आणली, तिने आणि आणखी एकीने मिळून त्याला उचलून गरम चादरींवर टाकलं, आणि अख्ख्या अंगणातून ढकलत तातडीच्या विभागात नेलं. वाटेत भेटलेल्यांना वाटलं काही थट्टा चाललीये. मावशीचा चेहरा बघून ते बाजूला झाले.

फोटोत मेंदू शाबूत निघाला. येऊन गेलेला झटका होता, या वेळी आला तसा गेला. हिमॅटोक्रिट अठ्ठावन्न. बायको धावत आली तेव्हा तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. थोड्या वेळाने डॉक्टरबाई खाली आल्या आणि त्यांनी कागद दोनदा वाचला.

"तीन महिन्यांपूर्वी एकोणपन्नास होते," त्या म्हणाल्या. "डोस कमीच घेताय ना?"

त्याने सवयीने भिंतीकडे पाहिलं. तिथे काटा नव्हता. एका बाजूला डॉक्टर होत्या, एका बाजूला बायको. त्याने सांगितलं. अडखळत, उलटसुलट, पण सगळं सांगितलं. दोन कार्डं, फॉर्मवरची ती ओळ, दोन आठवड्यांचं इंजेक्शन, घोरणं, सिगारेटसुद्धा. सांगताना तो पुन्हा पुन्हा बॉयलरवर घसरत होता, कारण त्याच्याकडे दुसरे शब्दच नव्हते. "मळ वाढला की आम्ही खालून सोडतो, बाई. मी तेच केलं."

"आणि सारखंच सोडावं लागलं तर? दर पाळीला तीन-तीनदा?"

"तसं होत नाही. झालंच तर मग फीडकडे बघायचं. आत जाणारं पाणीच..." तो बोलता बोलता थांबला. उस्तादाने हेही शिकवलं होतं, त्याच दिवशी, त्याच दमात. त्याने त्यातलं सोयीचं अर्धं लक्षात ठेवलं होतं.

डॉक्टरबाईंनी ते वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी विचारलं, "बर्फ खावासा वाटतो का?"

तो चमकला. "तुम्हाला मावशीने सांगितलं?"

"रक्ताने सांगितलं. दर पिशवीबरोबर शरीरातलं लोह जातं. तुमचं पार तळाला गेलंय. तो थकवा लोहाचा होता. तुम्ही त्यावर इंजेक्शन वाढवलंत, रक्त आणखी दाट झालं, मग आणखी पिशव्या दिल्यात."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. आज एकच पिशवी, आणि आता मनाने एकही नाही. इंजेक्शन काही आठवडे बंद. रक्त खाली आलं की निम्म्याहून कमी डोस, तोही तीन आठवड्यांचा एकदम न घेता दर आठवड्याला थोडा, म्हणजे शरीराला एकदम भडका मिळत नाही. लोह जपून, तपासत तपासत. झोपेची तपासणी करायची, कारण घोरताना श्वास अडला तरी रक्त दाट होतं. बॉयलरपाशी पाणी भरपूर प्यायचं. सिगारेट आजपासून बंद.

"मी परत तसा होईन का?" त्याने विचारलं. तसा म्हणजे कसा, हे खोलीतल्या तिघांनाही कळलं.

"पूर्वीइतके गळून नाही जाणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण काही दिवस थकवा राहील. थोडा कदाचित कायमचाच. ते मी लपवणार नाही."

त्या गेल्यावर बायको स्टुलावर बसली. पितळी पट्टीबद्दल बोलेल असं त्याला वाटत होतं, ती सगळ्यांना दाखवत फिरली होती. तिने तो विषयच काढला नाही.

"तेव्हा तीन वर्षं खुर्चीत बसून गप्प होतात," ती म्हणाली. "ते आजारपण होतं, मी मान्य केलं. मग हे अडीच वर्षं गप्प बसणं कशाचं होतं?"

तो चादरीची घडी चाचपत म्हणाला, "तू पुन्हा दुसऱ्या खोलीत जाशील असं वाटलं."

"मी घोरण्यामुळे गेले होते, अहो!" ती जवळजवळ ओरडली. पडद्यापलीकडचं कुणीतरी खाकरलं. ती हसेल असं क्षणभर वाटलं, पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला शीळ वाजवणारा माणूस नको होता. मला सांगणारा हवा होता. दमलात तर दमलोय म्हणा. एवढं एकच."

तो हो म्हणाला. असे हो पुष्कळजण म्हणतात.

चार महिन्यांनी, मुलगी अठराची झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ती त्याला रक्तपेढीत घेऊन गेली. तिचं पहिलं रक्तदान होतं. बाबासारखं करायचं हे तिने पट्टी लागली त्या दिवशीच ठरवलं होतं, आणि सगळं कळल्यावरही ठरवलेलं बदललं नव्हतं. त्याला तिथे जायचं नव्हतं. पेढीच्या बाईंसमोर दोन्ही कार्डं ठेवून त्याने महिनाभरापूर्वीच कबुली दिली होती. बाईंनी ती फाडली, त्याला मान खाली घालून ऐकावं लागेल असं बोलल्या, आणि दुसऱ्या पेढीलाही स्वतः कळवलं. पितळी पट्टी त्याने नेऊन दिली होती. दारासमोरच्या भिंतीवर खिळा तेवढा राहिला होता.

मुलीने फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि भराभरा लिहायला लागली. तो शेजारी बसून बघत होता. ती त्या ओळीवर आली. 'सध्या कोणतं औषध चालू आहे का?' तिने पेनही थांबवलं नाही. चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी गोळ्या चालू होत्या, त्यांचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, पुढच्या ओळीवर गेली.

बाईंनी फॉर्म वाचला आणि मान हलवली. "या गोळ्या चालू असताना नाही घेता येत गं. बंद केल्यावर महिन्याने ये."

मुलीचं तोंड उतरलं. दोन दिवस ती मैत्रिणींना सांगत होती. "बरं," ती म्हणाली, फॉर्म परत घेतला, नीट घडी घालून पिशवीत ठेवला. "महिन्याने येते."

इतकंच होतं ते. एक ओळ खरी लिहायची, आणि नाही म्हटलं तर घरी जायचं. त्याला अडीच वर्षांत जमलं नव्हतं ते तिने जिना उतरल्यापासून दहा मिनिटांत केलं, आणि आपण काही केलं हे तिला कळलंही नाही. त्याला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की पेढीच्या बाईंचा निरोप घ्यायलाही तो विसरला.

तळघरातून वर यायला चोवीस पायऱ्या होत्या. मुलगी भराभर पुढे गेली. नवव्या पायरीवर त्याचे पाय भरून आले. छाती वरखाली होऊ लागली. सवयीने त्याने चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने वाकायला घेतलं, म्हणजे थांबल्याचं दिसू नये. अर्ध्यात वाकला आणि तसाच सरळ झाला.

"थांब गं," तो म्हणाला. "दमलोय."

मुलीने मागे वळून पाहिलं. आपल्या बापाच्या तोंडून हा शब्द तिने जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. ती उतरून खाली आली, त्याच्याच पायरीवर बसली आणि शेजारची जागा हाताने पुसली. तो बसला. वरून माणसं येत होती, जात होती, दोघांना वळसा घालून. त्याने कुणाचीच नजर चुकवली नाही.

"सावकाश," मुलगी म्हणाली. "आपल्याला कुठे घाई आहे?"